दुसरी तार कशासाठी?

मुंबईत बीएस्सी फिजिक्स केलेल्या कुणालाही ‘जी’ची, म्हणजे गुरुत्वत्वरणाची किंमत विचारा, ९८० किंवा ९८१ असं उत्तर येईल. प्रत्यक्षात मुंबईत ती साधारण ९७८.६ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग आहे. ९८१ हा विलायतेकडच्या अक्षांशांचा आकडा. विषुववृत्ताकडे यावं तशी किंमत घटते. प्रॅक्टिकलमध्ये ‘जी’ काढतात ती लंबकाच्या आंदोलनांना लागणाऱ्या वेळेवरून. एक मीटर लांबीच्या लंबकाची २० आंदोलनं मोजली तर हा फरक अवघा ०.०५ सेकंदाचा पडतो. स्टॉपवॉच दाबणाऱ्या अंगठ्याला तो कळणं शक्यच नाही. २०० मोजली, तर मात्र अर्ध्या सेकंदाच्या घरात जातो आणि दिसायला लागतो.

माझ्या जर्नलमध्ये तो कधीच दिसला नाही. आम्ही २० आंदोलनं मोजायचो, उत्तर ९६० आलं की रीडिंग ‘कुक’ करून ९८० च्या आसपास आणायचो आणि सही घ्यायचो. (हा शब्द कॉलेजच्या कँटीनमध्ये जन्मला असेल असं मला वाटायचं. पण चार्ल्स बॅबेजने १८३० मध्ये शास्त्रज्ञांच्या लबाड्यांची वर्गवारी केली होती, तिच्यात तो सापडतो.)

याला आळस म्हणून मोकळं होता येतं. पण प्रॅक्टिकलची रचनाच मुळात कशी झाली हे पाहिलं की सगळा दोष पोरांवर टाकवत नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडनच्या नमुन्यावर उभं राहिलं. परीक्षा विद्यापीठाने घ्यायची, शिकवायचं कॉलेजांनी. त्या काळी भौतिकशास्त्रात प्राध्यापकांनी प्रयोग करून दाखवायचा आणि विद्यार्थ्यांनी बाकावरून पाहायचा, ही रीत युरोपातही सर्रास होती. विद्यार्थ्याच्या हाती उपकरण देण्याची पद्धत पसरली ती १८७० च्या सुमारास. जर्मनीत कोलरॉशचं प्रात्यक्षिकांचं हस्तपुस्तक १८७० मध्ये आलं, केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा १८७४ मध्ये उघडली. अमेरिकेत एडवर्ड पिकरिंगने एका टेबलावर एक प्रयोग, शेजारी लेखी सूचना, आणि विद्यार्थी टेबलं बदलत फिरणार, अशी व्यवस्था लावली. आपल्या लॅबमध्ये आजही तीच चालते. मोठ्या वर्गाला ती सोयीची, आणि परीक्षेला तर फारच सोयीची: चिठ्ठी उचला, टेबल गाठा, ठरलेलं उत्तर काढा.

कॅव्हेंडिशमध्ये सुमारे अर्धशतक प्रॅक्टिकलचे वर्ग चालवणारे जी. एफ. सी. सर्ल आपल्याला माहीत आहेत ते यंग्ज मॉड्युलसच्या, म्हणजे ताण दिल्यावर तार किती लांबते यावरून तिच्या धातूचा ताठपणा मोजण्याच्या, उपकरणामुळे. त्यात शेजारी शेजारी दोन तारा टांगलेल्या असतात. वजनं एकीलाच वाढवत न्यायची. मग दुसरी कशाला? खोलीचं तापमान वाढलं तर दोन्ही तारा सारख्याच लांबतात, आधार वाकला तर दोन्ही सारख्याच खाली येतात; दोघींतला फरक मोजला की या चुका आपोआप गळून पडतात. सगळी हुशारी त्या दुसऱ्या तारेत आहे. आमच्या लॅबमध्ये मात्र ती नुसती लोंबकळायची. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारायचे लीस्ट काउंट, म्हणजे उपकरणावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप.

गंमत म्हणजे ‘दुसऱ्या तारे’चा एक अस्सल नमुना मुंबईतच घडून गेला आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. काम सुरू करणारे ऑर्लेबार हे एल्फिन्स्टनचे प्राध्यापक. तिथेच शिकवणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांकडेही काही काळ या वेधशाळेची जबाबदारी होती. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. (त्या धावू लागल्या १९०७ मध्ये.) त्यांच्या विजेच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होतं. म्हणून संचालक नानाभाई मूस यांनी हे काम अलिबागला हलवलं. तिथे इमारत बांधतानाही चुंबकीय साहित्य टाळलं. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते पुढचं: १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या गेल्या. त्यामुळे दोन जागांमधला फरक हाती आला आणि साठ वर्षांची जुनी आकडेवारी नव्या नोंदींशी सांधता आली. इथे जुळवून घ्यायला पुस्तकातलं उत्तर नव्हतंच.

मुंबईतली इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स १९२० मध्ये सुरू झाली, टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) १९४५ मध्ये. संशोधनाला जागा मिळाली, पदवीच्या जर्नलमध्ये त्याने फारसं काही हललं नाही. प्रयोग शिकवायचा कसा, याचा वेगळा विचार व्हायला लागला तो टीआयएफआरच्याच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात. १९७४ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राला ऑलिंपियाडच्या, म्हणजे शालेय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धांच्या, तयारीने चांगलाच धक्का दिला असावा. आंतरराष्ट्रीय फिजिक्स ऑलिंपियाडमध्ये लेखी परीक्षेला ३० गुण आणि प्रयोगाला २०, दोन्हींना पाच-पाच तास, आणि प्रयोग असा की विद्यार्थ्याने आधी केलेला नसतो. तिथे पाठांतर कामाला येत नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राने २००४ मध्ये ‘नियस’ हा कार्यक्रमही सुरू केला.

२०१५ चं ऑलिंपियाड मुंबईतच भरलं. त्यातल्या एका प्रयोगात मुलांपुढे लेसर आणि बारीक स्प्रिंग ठेवली होती. स्प्रिंगवर प्रकाश पाडायचा, पडद्यावर उमटलेल्या ठिपक्यांची अंतरं मोजायची आणि त्यांवरून स्प्रिंगचं माप काढायचं. डीएनएचा पीळ क्ष-किरणांनी उलगडला त्याच तत्त्वावर. स्प्रिंगचं माप आधीपासून मुलांपैकी कुणालाच ठाऊक नसल्यामुळे कुक करायला काही उरलंच नव्हतं.