शंभरपर्यंत म्हणता येतं, पण पाच चिंचोके देता येतात का?

साडेतीन वर्षांच्या मुलापुढे चिंचोक्यांचा ढीग ठेवा आणि म्हणा, "मला पाच दे." वीसपर्यंतचे आकडे घडाघडा म्हणणारं मूलही कित्येकदा मुठीत मावतील तेवढे चिंचोके उचलून देतं. "मोज बरं" म्हटलं, तर एकेकावर बोट ठेवत सातपर्यंत अगदी नीट मोजतं. मग "किती झाले?" असं विचारलं, की पुन्हा एकपासून सुरू!

मूल हट्टीपणा करत नसतं. आकडे ओळीने म्हणणं आणि शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळे मिळून किती हे कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी 1990च्या सुमारास मुलांकडून असेच "इतके दे" म्हणून वस्तू मागितल्या, तेव्हा एक ठरावीक क्रम दिसला. आधी मुलाला फक्त 'एक' कळतो, बाकी सगळे आकडे म्हणजे 'पुष्कळ'. काही महिन्यांनी 'दोन' कळतो, आणखी काही महिन्यांनी 'तीन'. मग साडेतीन-चार वर्षांच्या आसपास एक उडी पडते. आकडा कुठलाही असो, मोजून तेवढ्या वस्तू देता येतात, हे मुलाला उमगतं. बालवाडीच्या गणितातला हाच मोठा टप्पा, असं मला वाटतं. पाढे आणि बेरजा फार पुढच्या.

तरीही हे ज्ञान कच्चंच असतं. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे यांनी मुलांसमोर दोन ओळींत सारख्याच वस्तू मांडल्या आणि मग एक ओळ पसरट केली. पाच वर्षांची बरीच मुलं सांगत, की लांब ओळीत जास्त आहेत. डोळ्यांना दिसणाऱ्या लांबीपेक्षा मोजणीवर विश्वास ठेवायला साधारण सहा-सात वर्षांचं वय यावं लागतं.

मराठी मुलांपुढे आणखी एक चढ असतो. एकवीस, एकोणतीस, त्रेचाळीस ही नावं जवळजवळ एकेक करून पाठ करावी लागतात. चिनी भाषेत अकराला सरळ 'दहा-एक' म्हणतात. चिनी आणि अमेरिकन मुलांची तुलना केली तेव्हा दहापर्यंत दोघं बरोबरीची होती, पुढच्या दहांत मात्र चिनी मुलं सरस ठरली. 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचण्याची पद्धत बालभारतीने 2019मध्ये दुसरीच्या पुस्तकात दिली, तेव्हा महाराष्ट्रात किती वाद झाला ते आठवत असेल. बाजू कोणतीही घ्या, पण चिनी-अमेरिकन मुलांच्या त्या अभ्यासात आकड्यांच्या नावांमुळे पडलेला फरक म्हणण्यात होता. वस्तू मोजून त्यांचा हिशोब लावण्यात दोन्हीकडची मुलं सारखीच होती.

भाषेचंही असंच आहे. पालक विचारतात, "मुळाक्षरं झाली का?" पण अक्षराच्या आधी कान तयार व्हावा लागतो. 'वाटी' आणि 'पाटी' यांचा शेवट सारखा आहे, 'कमळ' आणि 'कणीस' यांची सुरुवात सारखी आहे, हे ऐकून ओळखता यावं लागतं. ब्रिटनमध्ये लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी 1983मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार-पाच वर्षांची जी मुलं यमकं आणि सारखे आवाज चांगली ओळखत होती, ती पुढे वाचनातही पुढे राहिली. बडबडगीतं, टाळ्यांवर शब्द तोडणं, भेंड्या हा वाचनाचाच अभ्यास असतो. त्याला वेळ घालवणं म्हणू नये.

लिहिण्याची घाई मला सगळ्यात जास्त खटकते. मनगटातली आठ छोटी हाडं जन्माच्या वेळी कूर्चेचीच असतात. ती एकेक करून पक्की होत जातात आणि शेवटच्या हाडाला नऊ-दहा वर्षंही लागतात. बोटांचे बारीक स्नायूही अजून तयार होत असतात. अशा हाताला दिवसाला चार पानं गिरवायला लावण्यापेक्षा मणी ओवणं, कणीक मळणं, कागद फाडून चिकटवणं याने खूप जास्त मिळतं.

परिसराचा अभ्यास तर अंगणातच होतो. या वयाच्या अनेक मुलांना हलणारं ते जिवंत वाटतं. म्हणून सूर्य जिवंत, आणि झाड मात्र नाही! रुजत घातलेला वाल रोज पाहिला, की या समजुतीला पहिला धक्का बसतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे सगळं खूप आधी ओळखलं होतं. 1945मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभं केलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं हेच साहित्य झालं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली.

2022च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते सहा वयोगटासाठी परीक्षा पूर्णपणे अयोग्य ठरवल्या आहेत. मुलाला काय येतं, हे त्याला खेळताना पाहून टिपायचं. त्यामुळे पालकसभेत सिनिअर केजीच्या बाईंना "किती अंक झाले?" हे विचारण्याऐवजी एवढंच विचारा: डब्याच्या वेळी पाच मुलांना पाच चमचे आणून दे म्हटलं, तर आमचं मूल किती आणतं? आणि एक कमी पडला, तर त्याच्या लक्षात येतं का?