चांगला शॉट म्हणजे नक्की कोणता? थ्रीवरून होणाऱ्या भांडणाची पार्श्वभूमी

५ मे २०२५ ला एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, प्लेऑफमध्ये (सीझननंतरची बाद फेरी, दोन टीममध्ये सात मॅचपर्यंतची सिरीज) बॉस्टन सेल्टिक्सने घरच्या कोर्टवर न्यूयॉर्क निक्सविरुद्ध ६० थ्री मारले, म्हणजे लांबच्या लाइनबाहेरून तीन पॉइंटचे शॉट. १५ आत गेले, ४५ चुकले. प्लेऑफच्या एका मॅचमध्ये एवढे थ्री त्याआधी कुठल्याच टीमने चुकवले नव्हते. हातात २० पॉइंटची लीड होती ती गेली, मॅच ओव्हरटाइमला गेली आणि सेल्टिक्स १०८-१०५ ने हरले. मग फॅन्समध्ये जे व्हायचं तेच झालं. एक गट म्हणाला की कोच जो मझूलाला दुसरं काही येतच नाही, शॉट पडत नाहीयेत हे दिसतंय तर बॉल आत न्या ना, लेअप (बास्केटजवळून सोपा शॉट) घ्या, फाउल काढा. दुसरा गट म्हणाला की शॉट सगळे मोकळे होते, याच पद्धतीने २०२४ ची चॅम्पियनशिप आलीये, एका वाईट रात्रीसाठी सगळं बदलायचं का.

मी स्वतः दोन्ही बाजूंनी भांडलोय, टीम कुठली आहे आणि रात्र कशी आहे त्यावर. पण हे भांडण समजून घ्यायचं तर बरंच मागं जावं लागतं, कारण "चांगला शॉट" या शब्दांचा अर्थच या खेळात तीन-चार वेळा बदललाय, आणि जो माणूस ज्या काळात खेळ बघायला शिकला तो त्याच काळातला अर्थ धरून बसतो.

सुरुवातीला प्रश्नच नव्हता. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथने पीचच्या टोपल्या १० फुटांवर टांगल्या तेव्हा बास्केट कुठूनही टाकलं तरी त्याची किंमत एकच होती. मग जवळून टाकणं शहाणपणाचं, हे सांगायला कोच लागत नाही. लांबून टाकायचाच तर दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, दोन्ही हातांनी, नीट उभं राहून टाकायचा, बाकी सगळं बेशिस्त. १९३६ च्या डिसेंबरमध्ये स्टॅनफर्डचा हँक लुइसेटी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पळता पळता एका हाताने शॉट मारायला लागला आणि त्याच्या टीमने लाँग आयलंड युनिव्हर्सिटीची सलग ४३ विजयांची मालिका तोडली. त्यावर नॅट होलमनसारखा मोठा कोच म्हणाला होता की हे बास्केटबॉलच नाही, पोरांना एका हाताने मारायला शिकवायची वेळ आली तर मी कोचिंग सोडीन. म्हणजे "हा काय शॉट आहे का" हे वाक्य जवळपास नव्वद वर्षं जुनं आहे आणि पहिल्यांदा ते ज्या शॉटबद्दल बोललं गेलं तो आज शाळेतली पोरं पहिल्या दिवशी शिकतात.

पुढचा बदल घड्याळाने केला. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला १९-१८ ने हरवलं, हा पूर्ण मॅचचा स्कोअर आहे, एका क्वार्टरचा नाही. लेकर्सकडे जॉर्ज माइकन हा उंच खेळाडू होता, त्याला थांबवायचा एकच मार्ग पिस्टन्सना दिसला, तो म्हणजे बॉल हातात धरून नुसतं उभं राहायचं. नियमात ते बसत होतं, लोकांनी मात्र पैसे मोजून काय बघायचं? शेवटी सिरॅक्यूजच्या टीमचा मालक डॅनी बियासोन याने हिशोब घातला. त्याला ज्या मॅच आवडायच्या त्यात दोन्ही टीमचे मिळून साधारण १२० शॉट व्हायचे, मॅच ४८ मिनिटांची म्हणजे २८८० सेकंदांची, भागलं की २४. १९५४-५५ च्या सीझनपासून २४ सेकंदांचा शॉट क्लॉक आला, म्हणजे तेवढ्या वेळात शॉट मारलाच पाहिजे, आणि टीमची सरासरी एका सीझनमध्ये ७९.५ वरून ९३.१ वर गेली.

माझ्या मते शॉट सिलेक्शन हा विषय खऱ्या अर्थाने इथं जन्मला. कारण त्याआधी वाईट शॉट म्हणजे मारायला नको होता तो शॉट, एवढंच. घड्याळ आल्यावर काहीतरी मारावंच लागतं, आणि १८ व्या सेकंदाला हातात असलेला बरा शॉट सोडून अजून चांगल्याची वाट बघायची की नाही हा प्रश्न प्रत्येक पझेशनला (बॉल टीमकडे येतो त्या प्रत्येक वेळी) उभा राहतो. आजही स्टँडमधून जो ओरडा होतो त्यातला निम्मा या एका प्रश्नावरचा असतो.

थ्रीची लाइन मात्र एनबीएची कल्पना नाही. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या करमणुकीच्या मॅच खेळणाऱ्या टीमच्या एब सेपरस्टाइनने १९६१ मध्ये स्वतःची लीग काढली, तिथं ती होती, ती लीग लवकरच बंद पडली. मग १९६७ ला एबीए ही एनबीएची प्रतिस्पर्धी लीग आली, लाल-पांढरा-निळा बॉल घेऊन, आणि लाइन तिनं उचलली. एबीएचा पहिला कमिशनर होता तोच जॉर्ज माइकन, ज्याला अडवायला १९-१८ ची मॅच झाली होती आणि ज्याच्यामुळं बास्केटखालची लेन ६ फुटांवरून १२ फूट रुंद करावी लागली. बास्केटखाली उभं राहून सगळ्यांना जेरीस आणणारा माणूस आता सांगत होता की या लाइनमुळं बुटक्या खेळाडूलाही स्कोअर करायची संधी मिळेल आणि डिफेन्स पसरेल. डिफेन्स पसरेल, हे १९६७ मध्ये! आज सगळे जिला स्पेसिंग म्हणतात ती हीच गोष्ट.

एनबीएने लाइन घेतली ती १९७९-८० ला, मधोमध २३ फूट ९ इंच आणि कॉर्नरला २२ फूट. पहिला थ्री १२ ऑक्टोबर १९७९ ला सेल्टिक्सच्या ख्रिस फोर्डने मारला, समोर ह्यूस्टन रॉकेट्स होते. या दोन टीमची नावं लक्षात ठेवा, पुढं परत येतात. त्या सीझनला एका टीमचे मॅचमागे सरासरी २.८ थ्री व्हायचे आणि त्यातले २८ टक्के आत जायचे. कोच लोकांना ते आवडलं नव्हतंच, फिनिक्स सन्सचे जॉन मॅक्लिओड तर म्हणाले होते की क्वार्टरच्या शेवटी ठीक आहे पण २३ फुटांवरून बॉल फेकण्यासाठी मी प्ले आखणार नाही, ते कंटाळवाणं बास्केटबॉल आहे. तेव्हाच्या मानाने ते चूक नव्हते असं मला वाटतं. २८ टक्क्यांनी थ्री मारला तर शॉटमागे ०.८४ पॉइंट, त्यापेक्षा उंच सेंटर करीम अब्दुल-जब्बारला आत बॉल द्या, विषय संपला. खेळाडूंची सगळी प्रॅक्टिस लाइन नसताना झालेली होती, त्यामुळं आधी लाइनसोबत मोठी झालेली पिढी यावी लागणार होती. कॉलेजमध्ये ती लाइन देशभर आली १९८६-८७ ला, त्याच वर्षी रिक पिटिनोने प्रॉव्हिडन्सच्या साध्या टीमला थ्रीच्या जोरावर फायनल फोरपर्यंत, म्हणजे कॉलेज स्पर्धेच्या शेवटच्या चारांत, नेलं. हिशोब त्याला बाकीच्यांच्या आधी कळला होता.

हिशोब तसा फार अवघड नाही, पण भांडताना कोणी नीट मांडत नाही म्हणून लिहितो. ३५ टक्के थ्री म्हणजे शॉटमागे १.०५ पॉइंट. तेवढंच टू मधून, म्हणजे लाइनच्या आतल्या दोन पॉइंटच्या शॉटमधून, मिळवायचं तर तुम्हाला ५२-५३ टक्के मारावे लागतील. बास्केटजवळून लोक त्याहून जास्त मारतात, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) तर आणखी चांगले. पण मधल्या पट्ट्यातून, १६ ते २२ फुटांवरून, चांगला शूटरसुद्धा ४०-४२ च्या आसपास असतो, म्हणजे ०.८ ते ०.८५. आणि गंमत म्हणजे २२ फुटांवरचा लाँग टू आणि एक पाऊल मागं जाऊन मारलेला थ्री, यात अवघडपणाचा फरक थोडासा आहे आणि बक्षिसाचा फरक दीडपट. कॉर्नरला तर लाइनच २२ फुटांवर आहे. हे एकदा डोक्यात शिरलं की मिड-रेंज, म्हणजे हा मधल्या पट्ट्यातला शॉट, का मेला हे वेगळं सांगावं लागत नाही.

तरी हे डोक्यात शिरायला वीस-पंचवीस वर्षं गेली आणि नियमांनी बरीच मदत केली. २००१-०२ ला झोन डिफेन्सला (माणसाऐवजी जागा राखण्याला) परवानगी मिळाली, म्हणजे पोस्टमध्ये (बास्केटजवळ उभ्या खेळाडूला) बॉल देऊन बाकी चौघांनी एका बाजूला उभं राहायचं ही जुनी सोय गेली, आता मदतीला येणारा डिफेंडर कुठूनही यायला लागला आणि त्याला लांब ठेवायचं तर बाहेर शूटर पाहिजेच. २००४-०५ पासून ड्रिबल करणाऱ्याला हात लावून अडवण्यावर रेफरी कडक झाले. त्याच सीझनला माइक डँटोनीच्या सन्सने, मॅक्लिओड यांच्याच त्या फ्रँचायझीने, स्टीव्ह नॅशच्या हातात बॉल देऊन घड्याळातली पहिली काही सेकंद संपायच्या आत शॉट मारत ६२ मॅच जिंकल्या. चॅम्पियनशिप आली नाही, आणि "जंप शॉटवर जगणारी टीम कधी चॅम्पियन होत नाही" हे वाक्य पक्कं झालं. माजी खेळाडू आणि टीव्हीवरचा समीक्षक चार्ल्स बार्कली ते बरीच वर्षं म्हणत राहिला. पुढं २०१५ ला स्टीव्ह करच्या, जंप शॉटवरच जगणाऱ्या वॉरियर्सने चॅम्पियनशिप जिंकली, पुढच्या सीझनला ७३-९ केलं, स्टेफ करीने एकट्याने ४०२ थ्री टाकले. त्या वाक्याचा जोर तिथं संपायला हवा होता.

२०१३-१४ पासून एनबीएच्या सगळ्या अरीनात वर कॅमेरे बसले आणि प्रत्येक खेळाडू कुठं उभा आहे, शॉट मारणाऱ्यापासून डिफेंडर किती लांब आहे, हे सगळं मोजलं जायला लागलं. इथं "चांगला शॉट" चा अर्थ परत बदलला, आणि फॅन आणि कोच यांच्यातली खरी दरी मला इथंच दिसते. कोचच्या स्टाफकडे शॉट आत गेला की नाही हे न बघता तो किती पॉइंटचा होता हे सांगणारा आकडा आला. मोकळा कॉर्नर थ्री चुकला तरी त्यांच्या वहीत तो चांगला शॉट. आपण मात्र बॉल बघतो. तो रिंगला लागून बाहेर आला की आपल्यासाठी तो वाईट शॉट. दोघं एकाच पझेशनबद्दल बोलत असतात आणि दोन वेगळ्या गोष्टी मोजत असतात.

याचं सगळ्यात दुखरं उदाहरण म्हणजे २०१८ चे रॉकेट्स, हो तेच. डॅरिल मोरी जनरल मॅनेजर, डँटोनी कोच, जेम्स हार्डन आणि ख्रिस पॉल खेळाडू. अख्ख्या सीझनमध्ये टूपेक्षा थ्री जास्त मारणारी ती पहिली टीम, ६५ विजय. वेस्ट विभागाच्या फायनलला वॉरियर्सविरुद्ध ३-२ ने पुढं, पॉलची हॅमस्ट्रिंग गेली, आणि ७ व्या मॅचमध्ये हाफटाइमला ११ ने पुढं असताना सलग २७ थ्री चुकले. सत्तावीस. ४४ पैकी ७, आणि १०१-९२ ने हरून घरी. मी ती मॅच बघताना पंधराव्या-सोळाव्या शॉटला खुर्चीतून उठून "आत जा रे" म्हणत होतो आणि आजही मला वाटतं की ते म्हणणं भावनेच्या भरातलं असलं तरी चुकीचं नव्हतं. सरासरी ८२ मॅचच्या सीझनमध्ये खरी ठरते, ७ व्या मॅचला पुढची मॅच नसते. थ्रीवर जितकं जास्त अवलंबून तितकी एका रात्रीची उसळी आणि पडझड मोठी, आणि जी टीम मुळात वरचढ आहे तिनं ही पडझड ओढवून का घ्यावी, हा प्रश्न कोचला विचारायलाच हवा. पॉल खेळत असता तर मधल्या पट्ट्यात शांतपणे टू टाकणारा एक माणूस होता, हेही आहेच.

दुसऱ्या बाजूला, "आज हात गरम आहे, त्यालाच द्या" आणि "आज पडत नाहीयेत, थांबवा" या दोन्हीवर संशोधन झालंय. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वेर्स्की यांनी फिलाडेल्फियाच्या शॉटचे आकडे तपासून सांगितलं की हॉट हँड हा भास आहे. तीसेक वर्षांनी मिलर आणि सानहुर्हो यांनी दाखवलं की त्या मोजणीतच एक बारीक गणिती खोट होती, परिणाम थोडा का होईना असू शकतो. म्हणजे त्यावरही एक ठाम उत्तर देऊन कोणाला गप्प करता येत नाही.

आणि प्लेऑफमध्ये मिड-रेंज परत का दिसतो हेही सांगायला पाहिजे. चांगला डिफेन्स सात मॅच एकाच टीमचा अभ्यास करतो, रिंगजवळची जागा बंद करतो, थ्रीची लाइन बंद करतो, मग उरतं काय तर मधलं. १२ मे २०१९ ला टोरंटोच्या क्वाय लेनर्डने फिलाडेल्फियाविरुद्ध ७ व्या मॅचच्या शेवटच्या क्षणाला कॉर्नरमध्ये जोएल एम्बीडच्या हातावरून लाँग टू मारला, बॉल रिंगवर चारदा आपटून आत पडला, ९२-९०, आणि टोरंटो पुढं चॅम्पियन. तक्त्यात बघितलं तर तो शॉट सगळ्यात वाईट प्रकारातला. पण घड्याळ संपताना दुसरा शॉट मिळणारच नव्हता आणि तो मारायची हिंमत आणि सवय असलेला माणूस टीमकडे होता.

२०२४-२५ पर्यंत एका टीमचे मॅचमागे सरासरी ३७ हून जास्त थ्री व्हायला लागले होते, २.८ वरून तिथपर्यंत. त्या सीझनला सेल्टिक्सचे जवळपास ४८. निक्सविरुद्धच्या त्या ६० थ्रीनंतर दुसऱ्या मॅचला परत २० ची लीड घालवली, ९१-९० ने हरले, ४० पैकी १०. दोन मॅच मिळून १०० थ्री, २५ आत, आणि मझूलाला काढा म्हणणाऱ्यांचा आवाज सगळ्यात वर. तिसऱ्या मॅचला कोच तोच, प्लॅन तोच, थ्री पण बरोबर ४०, त्यातले २० पडले आणि सेल्टिक्स ११५-९३ ने जिंकले. चौथ्या मॅचला सेल्टिक्सचा मुख्य खेळाडू जेसन टेटमची अकिलीस (टाचेमागची शीर) तुटली आणि सहाव्या मॅचला निक्सने सिरीज संपवली.