ट्रेनर वेगळा, मेंटॉर वेगळा

ब्रिटनमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, व्हायला आलेले आपल्याकडचे डॉक्टर पहिल्याच महिन्यात एका गोष्टीने गोंधळतात. ट्रेनर म्हणतो, "सर नको, नावानेच हाक मारा." चहा स्वतः करून देतो, घरच्यांची चौकशी करतो. मेडिकल कॉलेजात एचओडींसमोर खुर्चीत बसायचीही ज्यांची छाती झाली नाही, त्यांना हा माणूस मित्र वाटायला लागतो. मग एखाद्या संध्याकाळी ते सगळं सांगून मोकळे होतात: झोप लागत नाही, ही शाखा आपल्याला झेपणार नाही असं वाटतं. काही आठवड्यांनी त्याच माणसाने लिहिलेला अहवाल पोर्टफोलिओत, म्हणजे प्रशिक्षणाच्या नोंदवहीत, दिसतो आणि पोटात गोळा येतो.

मी स्वतः ट्रेनर आहे. हा पोटातला गोळा टाळता येतो, म्हणून हे लिहितोय.

ट्रेनर म्हणजे कागदोपत्री तुमचा एज्युकेशनल सुपरवायझर. जीपीचं प्रशिक्षण तीन वर्षांचं. त्यातल्या हॉस्पिटलच्या पोस्टिंगमध्ये रोजच्या कामावर देखरेख करणारा क्लिनिकल सुपरवायझर निराळा असतो, पण एकूण प्रगतीची जबाबदारी एज्युकेशनल सुपरवायझरची. तुम्ही पेशंट कसे तपासता ते तो पाहतो, केसवर चर्चा करतो, ट्युटोरियल घेतो आणि ठरावीक काळाने अहवाल लिहितो. तो अहवाल एआरसीपी, म्हणजे प्रगतीचा वार्षिक आढावा घेणाऱ्या पॅनलपुढे जातो आणि पुढच्या वर्षात जायचं की नाही हे पॅनल ठरवतं.

त्याचं खरं काम दिसतं ते डीब्रीफमध्ये, म्हणजे ओपीडी संपल्यावरच्या चर्चेत. समजा, साठीच्या एक बाई आल्या. दोन आठवड्यांपासून कानशिलापाशी दुखतंय. ट्रेनीने पॅरासिटामॉल लिहून घरी पाठवलं. ट्रेनर विचारतो, "केस विंचरताना दुखतं का? जेवताना जबडा भरून येतो का? नजर कशी आहे?" ट्रेनीने यातलं काहीच विचारलेलं नाही. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली अशी डोकेदुखी म्हटलं की जायंट सेल आर्टेरायटिस (डोक्याकडच्या रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार) मनात यायलाच हवा, कारण उपचाराला उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. मग बाईंना लगेच फोन, त्याच दिवशी रक्ततपासणी, स्टिरॉइड, तज्ज्ञांशी बोलणं. त्या अर्ध्या तासात ट्रेनरचं पहिलं लक्ष बाईंच्या डोळ्यांकडे असतं आणि ते तिथेच असायला हवं. तुमच्या मनाचं काय झालं, ते नंतर.

हे "नंतर" मेंटॉरचं. त्या रात्री ट्रेनी अंथरुणावर टक्क जागा असतो. मेंटॉरला त्या केसचे गुण द्यायचे नसतात. तो विचारतो, "फोन उचलताना काय वाटलं? सकाळपासून काही खाल्लं होतंस का? घरी कोणाला सांगितलंस?" आणि बहुतेक वेळा स्वतःची एक चुकलेली केस सांगतो. मेंटॉर ट्रेनीने निवडलेला असतो. जमलं नाही तर बदलता येतो, आणि शक्यतो तो त्याच प्रॅक्टिसमधला नसावा. पोर्टफोलिओत तो काही लिहीत नाही. एक गोष्ट मात्र त्याच्याही हातात नसते. तुमच्या तब्येतीमुळे पेशंटला धोका आहे असं दिसलं तर डॉक्टर म्हणून त्यालाही गप्प बसता येत नाही. चांगला मेंटॉर हे पहिल्याच भेटीत सांगून टाकतो.

परदेशातून शिकून आलेल्यांना मेंटॉरची गरज जास्त असते, असं माझं स्पष्ट मत आहे. जीपी होण्यासाठीच्या एससीए या परीक्षेत पेशंटच्या बारा-बारा मिनिटांच्या बारा तपासण्या असतात आणि पेशंटची भूमिका नट करतात. त्यात पेशंटला "तुम्हाला कशामुळे होतंय असं वाटतं?" हे विचारून घ्यावं लागतं. सोलापुरात असं विचारलं तर पेशंट म्हणेल, "ते मलाच ठाऊक असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?" इंग्रज ट्रेनर "हा प्रश्न राहिला" अशी नोंद करतो, आणि ती बरोबरच असते. पण तो प्रश्न तोंडातून का निघत नाही, हे स्वतः त्यातून गेलेल्या माणसालाच नीट उमगतं. जुन्या सीएसए परीक्षेत परदेशी पदवीधर कितीतरी जास्त प्रमाणात नापास होत. म्हणून भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना बापिओ न्यायालयात गेली. 2014 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने परीक्षा कायदेशीर ठरवली, पण परीक्षा घेणाऱ्या जीपींच्या रॉयल कॉलेजने या तफावतीवर आता काहीतरी केलं पाहिजे, असंही न्यायाधीशांनी बजावलं.

आपल्याकडे ही दोन्ही नाती एकाच माणसात असायची. एमबीबीएस झालेला मुलगा गावातल्या जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्यात उमेदवारी करायचा. डॉक्टर चारचौघांत झापायचे आणि रात्री जेवायला घरी न्यायचे. ते निभावलं, कारण त्यांना कुठल्याच कागदावर सही करायची नव्हती. आता डीएनबी फॅमिली मेडिसिन या एमबीबीएसनंतरच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला थीसिसचा गाईड असतो, आणि गाईडची सही लागते. "सरांना हे कसं सांगू?" हा प्रश्न तिथेही तसाच उभा राहतो.

म्हणून मी माझ्या ट्रेनींना पहिल्या दिवशी तीन गोष्टी सांगतो. चहा पिताना बोललेलंही मी ट्रेनर म्हणूनच ऐकत असतो. महिन्याभरात बाहेरचा एक मेंटॉर शोधा, दोन-तीन वर्षं पुढे असलेला असला तरी चालेल. आणि रात्री फारच जड जाऊ लागलं तर इंग्लंडमध्ये एनएचएस प्रॅक्टिशनर हेल्थ ही डॉक्टरांसाठीची गोपनीय सेवा आहे. तिथे स्वतःहून जाता येतं, माझी चिठ्ठी लागत नाही.