डेटास्टोअर नेमकं कशाने भरतं?

एका तगड्या सर्व्हरवर तीस-चाळीस आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, सुखाने नांदतात. आपली हार्ड डिस्क स्वतःची आहे, अशी प्रत्येकाची समजूत असते. प्रत्यक्षात ती सामायिक साठवणीत पडलेली एक भलीमोठी फाइल असते. व्हीएम चालवणाऱ्या व्हीएमवेअर या सॉफ्टवेअरमध्ये या सामायिक जागेला डेटास्टोअर म्हणतात. ती कधी भरेल, याचा अंदाज बहुतेक ठिकाणी एकाच आकड्यावरून बांधतात: किती टक्के जागा उरली. धोक्याची घंटा वाजवायला हा आकडा ठीक आहे, पण नियोजनाला माझ्या मते जवळजवळ निरुपयोगी.

समजा, 10 टीबीच्या डेटास्टोअरमध्ये महिन्याच्या सुरुवातीला 8 टीबी भरलेले होते आणि महिनाअखेरीसही तेवढेच. आलेख सपाट, सगळे निश्चिंत. पण मधल्या काळात कुणी तरी जुन्या आयएसओ फाइली (इन्स्टॉलेशनच्या सीडी-डीव्हीडींच्या प्रती) काढून 300 जीबी मोकळे केले आणि तेवढीच जागा डेटाबेसच्या डिस्कांनी खाल्ली. जुन्या आयएसओ एकदाच काढता येतात; डेटाबेस पुढच्या महिन्यातही वाढणार. त्या वेगाने उरलेले 2 टीबी सात महिन्यांच्या आत संपतील. बेरजेत हे दिसत नाही, फाइलींच्या यादीत दिसतं.

ही यादी हाताने करणं शक्य नाही, कारण एका व्हीएमच्या फोल्डरमध्येच डझनभर फाइली असतात. म्हणून स्क्रिप्ट. पॉवरशेल या मायक्रोसॉफ्टच्या स्क्रिप्ट-भाषेवर बसवलेलं व्हीएमवेअरचं पॉवरसीएलआय त्यासाठी सर्रास वापरतात. स्क्रिप्ट प्रत्येक डेटास्टोअरचे फोल्डर धुंडाळते आणि फाइलीचं नाव, प्रकार, आकार, शेवटच्या बदलाची तारीख अशी एकेक ओळ सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलीत टाकते. कोड फार तर पानभराचा. खरी अक्कल लागते ती प्रकार ओळखताना, कारण प्रत्येक प्रकाराच्या वाढीची तऱ्हा वेगळी.

स्वॅप फाइल घ्या, म्हणजे रॅम कमी पडली तर तिच्यातला मजकूर ठेवायची फाइल. व्हीएम सुरू होताच तिच्या रॅमएवढी फाइल डेटास्टोअरमध्ये तयार होते. सर्व्हरच्या रॅमचा काही भाग तिच्यासाठीच राखून ठेवला असेल, तर तेवढा वजा. 64 जीबी रॅमच्या आणि काहीही न राखलेल्या व्हीएमची स्वॅप फाइल 64 जीबीची. व्हीएम बंद केली की फाइल गायब. म्हणजे देखभालीसाठी निम्मी यंत्रं बंद असताना मोजदाद केली, तर जागा भरपूर आहे असा भास होतो. आणि स्वॅप फाइलीपुरती जागा नसेल, तर व्हीएम सुरूच होत नाही.

स्नॅपशॉट, म्हणजे परत जाता यावं म्हणून व्हीएमची त्या क्षणाची अवस्था जपून ठेवणं, हा त्याहून बेरकी प्रकार. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्कवर लिहिणं थांबतं आणि पुढचे सगळे बदल वेगळ्या डेल्टा फाइलीत साठू लागतात. ही डेल्टा वाढत वाढत मूळ डिस्कएवढी होऊ शकते. एक स्नॅपशॉट 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं व्हीएमवेअर स्वतःच सांगतं. तरी अपडेटच्या आधी ‘असू दे’ म्हणून घेतलेले स्नॅपशॉट महिनोन्महिने पडून असतात. तो मिटवायला गेलं की बदल मूळ डिस्कमध्ये मिसळावे लागतात. मूळ डिस्क थिन प्रकारची, म्हणजे लागेल तशी जागा घेणारी असेल, तर ती आधी फुगते आणि डेल्टाची जागा नंतर सुटते. जागा मोकळी करायलाही आधी थोडी जागा लागते, हे डेटास्टोअर काठोकाठ भरल्यावर कळून उपयोग नसतो.

थिन डिस्कसाठी यादीत दोन रकाने हवेतच: कबूल केलेला आकार आणि प्रत्यक्ष व्यापलेला. लिनक्सवर व्हीएमसाठी केव्हीएम वापरणाऱ्यांना हा फरक ‘एलएस’ (फाइलीचा आकार सांगणारी आज्ञा) आणि ‘डीयू’ (व्यापलेली जागा सांगणारी) यांच्या वेगवेगळ्या उत्तरांतून माहीत असतो. शिवाय व्हीएमच्या आत फाइली पुसल्या, तरी बाहेरची डिस्क आपोआप आकसेल असं नाही. पुसलेल्या जागेची खबर आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमने खाली द्यावी लागते.

यादीचा सगळ्यात लाडका उपयोग म्हणजे अनाथ फाइली शोधणं. नोंदणीकृत व्हीएम कोणकोणत्या फाइलींवर हक्क सांगतात त्याची दुसरी यादी करायची आणि पहिलीतून वजा करायची. उरलेल्या त्या बेवारस. इथे हात आवरावा. त्यात टेम्प्लेट (नव्या व्हीएमसाठीचे साचे) आणि आयएसओ असतात, प्रतिकृती ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डिस्का असतात, तेच डेटास्टोअर वापरणाऱ्या दुसऱ्या व्हीसेंटरची, म्हणजे व्हीएमवेअरच्या दुसऱ्या नियंत्रण-सर्व्हरखालची यंत्रंही असू शकतात. तारखेवर विसंबणं तर त्याहून वाईट: स्नॅपशॉट असलेल्या व्हीएमच्या मूळ डिस्कवर काहीच लिहिलं जात नसल्याने तिची तारीख जुनाट दिसते, आणि चालू व्हीएम मात्र तिच्यावरच उभी असते. स्क्रिप्टने यादी द्यावी. पुसण्याची आज्ञा माणसाने, चौकशी करून द्यावी.

मोजदादीची वेळही ठरलेली हवी. फोल्डर धुंडाळण्याचा भार साठवणीवर पडतो म्हणून स्क्रिप्ट रात्री लावतात. पण बॅकअपही रात्रीच चालतो आणि बॅकअप सॉफ्टवेअर तात्पुरते स्नॅपशॉट घेतं. दर वेळी वेगळ्या तासाला मोजलं, तर आलेखातले चढउतार वाढीचे की बॅकअपचे, हे सांगता येत नाही. एककही एकच ठेवावं. 1000 च्या पटीतला टेराबाइट आणि 1024 च्या पटीतला यांत सुमारे 10 टक्क्यांचा फरक आहे आणि खरेदीच्या कागदावर बहुधा पहिला असतो.

व्हीसॅनसारख्या, म्हणजे अनेक सर्व्हरांच्या डिस्का एकत्र करून केलेल्या साठवणीत मात्र फाइलींचे आकार मोजूनही भागत नाही. तिथे प्रत्येक डिस्कला, मजकूर किती प्रतींत किंवा कसा विभागून ठेवायचा याचं धोरण जोडलेलं असतं. 100 जीबीच्या मजकुराच्या दोन प्रती ठेवायच्या असतील, तर जागा 200 जीबी जाते; तीन भाग डेटा आणि एक भाग पॅरिटी (एखादा भाग गमावला तर तो परत काढण्यासाठीची माहिती) अशा रेड-5 रचनेत साधारण 133 जीबी. तेव्हा तिथल्या स्क्रिप्टने आकाराबरोबर धोरणाचाही रकाना भरावा लागतो.