धावपट्टीजवळ दोन लहान विमानांत किती अंतर हवे? नियमांची पार्श्वभूमी

रात्री समुद्रात असलेल्या कोकणातल्या तांडेलाला समोरच्या बोटीचा तांबडा दिवा दिसतो की हिरवा, यावरून ती कुठे निघाली आहे हे कळते. डाव्या अंगाला तांबडा आणि उजव्या अंगाला हिरवा, ही समुद्रावरची जुनी रीत आहे. विमानाच्या पंखांच्या टोकांवरही दिवे याच क्रमाने असतात, कारण १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिस येथे झालेल्या हवाई वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारात दिव्यांचे आणि वाट देण्याचे नियम मुख्यतः जहाजांच्या नियमांवर बेतलेले होते. दोघांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरा दिसतो त्याने वाट द्यावी, समोरासमोर आल्यास दोघांनीही उजवीकडे वळावे, हे नियम आजही विमानांना लागू आहेत. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की बोटीला इंजिन बंद करून जागच्या जागी वाट पाहता येते. विमानाला ती सवलत नाही. धावपट्टीजवळच्या अंतराचे पुढचे जवळजवळ सगळे नियम या एका अडचणीतून निघाले आहेत.

सुरुवातीला आकाश मोकळे होते. जुहूचा विमानतळ १९२८ साली सुरू झाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तिथे उतरले, तेव्हा धावपट्टीवर दुसऱ्या विमानाची अडचण होण्याचा प्रश्न क्वचितच येत असे. युरोपात मात्र तोवर धडा मिळाला होता. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समध्ये धुक्यात, खालच्या रस्त्याचा माग धरून उलट दिशांनी चाललेली एक ब्रिटिश आणि एक फ्रेंच अशी दोन विमाने समोरासमोर आदळली आणि सातही जण दगावले. त्यानंतर ठरावीक मार्गावर उजवी बाजू धरून उडण्याची शिस्त आली. अमेरिकेत सेंट लुईस येथे १९२९ साली आर्ची लीग हे गृहस्थ धावपट्टीशेजारी उभे राहून झेंड्यांनी विमानांना ‘थांबा’ आणि ‘जा’ अशा खुणा करीत, आणि १९३० साली क्लीव्हलँड विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यात रेडिओ आला.

रेडिओ नसलेल्या विमानतळांवर शिस्त लागली ती सर्किटमुळे. धावपट्टीला समांतर, वाऱ्याच्या दिशेने जाणारा डाउनविंड, मग आडवा बेस आणि शेवटी धावपट्टीच्या रेषेत फायनल, असा चौकोनी फेरा, बहुधा जमिनीपासून सुमारे १००० फुटांवर आणि डावीकडे वळणारा, कारण वैमानिक डाव्या आसनावर बसतो आणि त्या बाजूचे त्याला नीट दिसते. सगळे एकाच वाटेने फिरत असले की पुढचा कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. उतरताना जे विमान खाली आहे त्याचा हक्क पहिला, पण त्याचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसायचे नाही, असेही नियमातच लिहिले आहे.

तरीही डोळ्यांवरची भिस्त अपुरी पडते. ज्या विमानाशी टक्कर होणार आहे ते काचेत एकाच जागी स्थिर दिसते, सरकत नाही, फक्त मोठे होत जाते; आणि माणसाची नजर हालचालीकडे जाते, स्थिर ठिपक्याकडे नाही. शिवाय वरच्या बाजूला पंख असलेल्या विमानातून वरचे दिसत नाही आणि खालच्या बाजूला पंख असलेल्यातून खालचे. अशी दोन विमाने फायनलवर एकावर एक आली तर दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. म्हणून प्रत्येक टप्प्यावर रेडिओवरून आपली जागा सांगणे हा शिष्टाचार समजू नये, ती सुरक्षेची गरज आहे.

हा झाला हवेतला प्रश्न. दुसरा प्रश्न जमिनीवरचा आहे. मूळ तत्त्व असे की पुढचे विमान धावपट्टी सोडून बाहेर पडल्याशिवाय मागच्याने धावपट्टीच्या तोंडावरून आत येऊ नये. पण हलक्या विमानांना थांबायला थोडीच जागा लागते, म्हणून दिवसाउजेडी, हवा स्वच्छ असताना काही सवलती देण्यात आल्या. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या कार्यपद्धतीनुसार, मागून येणारे विमान २००० किलोपर्यंतचे एक इंजिनी असेल, तर तेवढ्याच किंवा ७००० किलोपेक्षा कमी वजनाच्या पुढच्या विमानाने उतरून किमान ६०० मीटर पार केलेले पुरते. मागचे विमान त्याहून मोठे पण ७००० किलोच्या आत असेल तर १५०० मीटर आणि त्यापेक्षा जड असेल तर २४०० मीटर. परुळे-चिपी येथील, ९ ऑक्टोबर २०२१ रोजी उद्घाटन झालेल्या सिंधुदुर्ग विमानतळाची धावपट्टी २५०० मीटरची आहे, हे लक्षात घेतले की जड विमानांना ही सवलत तिथे नावापुरतीच उरते हे उघड होते. पुढचे विमान न थांबता आणि उलटे न फिरता बाहेर पडणार असले पाहिजे, ही अटही आहे. समांतर टॅक्सीवे, म्हणजे धावपट्टीशेजारून विमानांना ये-जा करायचा रस्ता, नसलेल्या ठिकाणी तीच बहुतेकदा आड येते.

तिसरा प्रश्न डोळ्यांना दिसतच नाही, आणि तो कळायलाही सर्वांत उशीर लागला. पंखांच्या टोकांशी हवेचे भोवरे तयार होतात, ते मागे राहून हळूहळू खाली उतरतात. मागून येणाऱ्या विमानाला त्यांचे हिसके बसतात, पण बरीच वर्षे त्या हिसक्यांचा दोष इंजिनाच्या पंख्याच्या झोताला दिला जाई. १९७० च्या सुमारास बोइंग ७४७ सारखी प्रचंड विमाने आल्यावर मोजमापे घेण्यात आली, आणि ३० मे १९७२ रोजी टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे सराव करणारे एक डीसी-९ विमान, जेमतेम मिनिटभर आधी त्याच धावपट्टीवर टेकून गेलेल्या डीसी-१० या बऱ्याच मोठ्या विमानाच्या भोवऱ्यात सापडून उलटले, तेव्हा चार जणांचा जीव गेला. त्यानंतर अमेरिकेत अशा विमानांच्या मागे ठेवायचे अंतर वाढवण्यात आले.

आज वजनानुसार वर्ग आहेत: ७००० किलोपर्यंत हलके, १,३६,००० किलोच्या आत मध्यम, त्यावर जड. चिपीला उतरणारे एटीआर ७२ हे प्रवासी विमान मध्यम वर्गात बसते, तर तटरक्षक दलाचे गस्तीचे डॉर्नियर २२८ हलक्या वर्गात. मध्यम विमानाच्या मागे हलके उतरत असेल तर रडारवर ५ सागरी मैल, रडार नसेल तर ३ मिनिटे हे प्रमाण आहे. ७० नॉट, म्हणजे ताशी ७० सागरी मैल, वेगाने येणाऱ्या लहान विमानासाठी ३ मिनिटे म्हणजे साडेतीन सागरी मैल. मात्र डोळ्यांनी पाहून उडणाऱ्या वैमानिकाला हे अंतर राखून देण्याचे बंधन नियंत्रकावर नाही. तो इशारा देतो, मिनिटे वैमानिकाने स्वतः मोजायची असतात. माझ्या मते या विषयातली सर्वांत कमी समजली जाणारी गोष्ट हीच आहे.

वारा हे अंतर आणखी बदलतो. जोराचा वारा भोवरे मोडून टाकतो. पण सकाळी मतलई वारा पडतो आणि खारा वारा अजून धरत नाही, त्या निवांत वेळी ते धावपट्टीवरच रेंगाळू शकतात. दुपारनंतर खाऱ्या वाऱ्याला तोंड देऊन पश्चिमेकडे उतरताना लहान विमानाने एटीआरच्या वाटेच्या वर राहून, ते जिथे टेकले त्याच्या पुढे टेकायचे असते, आणि वेळ कमी पडत असेल तर डाउनविंड कुडाळच्या बाजूला लांबवायचा असतो. संध्याकाळी मात्र त्या फायनलवर मावळता सूर्य नेमका समोर समुद्रावर असतो, आणि पुढचे विमान त्या उजेडातच शोधावे लागते.