गेमिंग लॅपटॉप: घेताना वॅट बघा, वापरताना हवा बघा

एकाच नावाचे ग्राफिक्स कार्ड असलेले दोन लॅपटॉप शेजारी ठेवून तोच गेम लावला, तर एक दुसऱ्यापेक्षा बराच पुढे जाऊ शकतो. कार्ड तेच असते, पण त्याला मिळणारी वीज वेगळी असते. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपचे कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही चालवण्याची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्यांना आहे. पातळ, हलक्या यंत्रात ते कमी वॅटवर बसवतात, जाडजूड यंत्रात पूर्ण वॅटवर. खोक्यावर मात्र दोन्हीकडे तेच नाव. म्हणून आमच्याकडून घ्या किंवा आणखी कुठून, कार्डाच्या नावाबरोबर त्याचा टीजीपी, म्हणजे टोटल ग्राफिक्स पॉवर, किती वॅट आहे ते जरूर विचारा. विकणाऱ्याला सांगता आले नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात पाहा.

डेस्कटॉपच्या कार्डाशीही नावावरून तुलना करू नका. डेस्कटॉपचे ४०९० कार्ड ४५० वॅट घेते आणि त्यात २४ जीबी मेमरी असते. लॅपटॉपमधल्या ४०९० ला ८० ते १५० वॅट आणि १६ जीबी मिळते. त्यातली चिपसुद्धा वेगळी, लहान आहे.

वॅटवर आम्ही इतका भर देतो, कारण चिपने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. कार्डाचे ११५ आणि प्रोसेसरचे ४५ वॅट धरले, तर दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या पेटीतून १६० वॅट उष्णता तासन्‌तास बाहेर टाकायची असते. ते जमले तर कार्ड पूर्ण जोमाने चालते. नाही जमले तर चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते, यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. मग महागडे कार्ड घेऊनही त्याच्या खालच्या कार्डाइतकेच काम पदरात पडते. आमचे स्पष्ट मत आहे की, कोंडलेल्या पातळ लॅपटॉपमधल्या मोठ्या कार्डापेक्षा चांगली हवा खेळणाऱ्या लॅपटॉपमधले मधले कार्ड घ्यावे.

हे पारखायचे कसे? पाच मिनिटांच्या चाचणीवर जाऊ नका. सुरुवातीला चिपची उष्णता वाहून नेणारे आतले तांबे थंड असते आणि उष्णता निमूट शोषून घेते. खरी परीक्षा अर्ध्या तासाने होते, तेव्हा चाचणीचे व्हिडिओ पाहताना शेवटच्या मिनिटांतले आकडे बघा. लॅपटॉप उलटा करून तळाच्या जाळ्या पाहा, त्या पंख्यांच्या बरोबर खाली आणि मोकळ्या हव्यात. गरम हवा उजव्या बाजूने बाहेर पडत असेल तर माउस धरलेल्या हातावर येईल, हे अनेकांना वापरायला लागल्यावरच कळते.

स्क्रीन निवडताना एवढे लक्षात घ्या: २५६० बाय १६०० च्या पडद्यावर १९२० बाय १०८० च्या जवळजवळ दुप्पट पिक्सेल असतात. चित्र सुरेख दिसते, पण कार्डाला कामही तेवढे वाढते. रॅम १६ जीबी असेल तर ८-८ च्या दोन पट्ट्या असाव्यात, एकाच पट्टीवर अनेक गेम मंदावतात. रॅम बोर्डवरच डकवलेली असेल तर ती पुढे वाढवता येत नाही. मक्स स्विच असला तर उत्तमच, त्यामुळे कार्डाचे चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समार्गे न जाता थेट पडद्यावर जाते.

आता घरी नेल्यानंतरचे. गेम चालू असताना प्रोसेसर ८५ ते ९५ अंश सेल्सिअसला गेला म्हणून घाबरू नका. अशा यंत्रांत ते नेहमीचे आहे आणि बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांची असते. काळजी करायची ती गेम आधी सुरळीत चालून काही वेळाने अडखळू लागला, किंवा लॅपटॉप आपोआप बंद झाला तर.

गादीवर किंवा उशीवर ठेवून कधीही खेळू नका, तळाच्या जाळ्या बुजतात. टेबलावर ठेवून मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला. याला काही खर्च नाही आणि फरक लगेच दिसतो. कूलिंग पॅडचा उपयोग त्याचे पंखे लॅपटॉपच्या जाळ्यांखाली नेमके येत असतील तरच होतो, तेव्हा आधी जुळवून पाहा.

सगळ्यात गुणकारी उपाय मात्र सेटिंगमध्ये आहे. गेमचा फ्रेम रेट, म्हणजे कार्ड सेकंदाला किती चित्रे (फ्रेम) काढते तो आकडा, बांधून ठेवा. १४४ हर्ट्झचा पडदा सेकंदाला १४४ चित्रेच दाखवतो, त्यावर २०० फ्रेम काढण्यात वीज जाते आणि हाती उष्णताच येते. गोष्टीच्या, निवांत खेळायच्या गेमला ६० ते ९० फ्रेम पुरतात. तरीही प्रोसेसर तापत असेल तर विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी ९९ टक्के करून पाहा. हा पर्याय दिसत असेल तर त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वाढीव वेग, बंद होतो. वेग थोडा कमी होतो, पण तापमान बऱ्यापैकी उतरते.

धूळ ही संथ शत्रू आहे. पंखा आणि त्यापुढच्या धातूच्या पातळ पात्यांमध्ये ती नमद्यासारखी घट्ट बसते आणि हवेची वाट अडवते. वर्षातून एकदा, धूळ जास्त असेल तर दोनदा साफ करून घ्या. स्वतः करणार असाल तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, अडॅप्टर काढा आणि दाबाची हवा मारताना पंख्याचे पाते धरून ठेवा. मोकळा पंखा भरधाव फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता तांब्याकडे नेणारा लेप, दरवर्षी बदलायची गरज नाही. स्वच्छता करूनही तापमान पूर्वीपेक्षा चढेच राहिले तर बदलावी. काही लॅपटॉपांत पेस्टऐवजी द्रवधातू असतो. तो वीजवाहक आहे, थेंब बोर्डवर पडला तर शॉर्ट होतो. त्यातले गॅलियम ॲल्युमिनियमही खाते. असा लॅपटॉप घरी उघडू नका.

खेळताना मूळ अडॅप्टर लावलेलाच ठेवा. पूर्ण ताकदीला लागणारी वीज एकटी बॅटरी देऊ शकत नाही, आणि २३० वॅटचा अडॅप्टर लागणाऱ्या यंत्राला १०० वॅटचा टाइप-सी चार्जरही पुरा पडत नाही. लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जिंगलाच असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवा. उष्णता आणि भरलेली बॅटरी एकत्र आली की ती लवकर थकते. टचपॅड वर आल्यासारखा वाटला किंवा तळ टेबलावर डुगडुगू लागला तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून बघू नका.

तपासणीला आणताना कोणता गेम, किती मिनिटांनी अडखळतो, अडॅप्टर लावलेला होता का आणि तापमान किती दिसले, एवढे चिठ्ठीवर लिहून आणा. अडॅप्टरही सोबत आणा, दोष कधीकधी त्यातच असतो.