पोर्तुगाल दोन्हींत सरस, मग कापड इंग्लंडचे का?

इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये चार आकडे मांडले. ठरावीक कापडासाठी इंग्लंडमध्ये वर्षभर १०० माणसे राबतात, ठरावीक वाइनसाठी १२०. पोर्तुगालात तेवढ्याच कापडाला ९० आणि वाइनला ८० माणसे पुरतात. तरीही पोर्तुगालने कापड इंग्लंडकडूनच घ्यावे, असे त्याचे म्हणणे.

बहुतेक जण इथे ९० आणि १०० शेजारी ठेवतात आणि अडकतात. तुलना देशाच्या आत करायची असते: एक माप वाइन काढायची तर किती कापडावर पाणी सोडावे लागते? इंग्लंडला १२० भागिले १००, म्हणजे १.२ माप. पोर्तुगालला ८० भागिले ९०, म्हणजे ०.८९. वाइन पोर्तुगालला स्वस्त पडते. हेच गणित उलटे केले की कापड इंग्लंडला स्वस्त पडते. तुलनात्मक लाभ म्हणतात तो हा. कष्ट दोन्हींत कमी लागू शकतात, तुलनात्मक लाभ मात्र दोन्हींत एकाच देशाकडे असूच शकत नाही.

आधी दोन्ही देश मिळून २ माप कापड आणि २ माप वाइन करत होते. आता इंग्लंडची २२० माणसे नुसते कापड विणतील तर २.२ माप होते. पोर्तुगालची १७० माणसे नुसती वाइन करतील तर २.१२५. माणूस एकही वाढला नाही.

ही वाढ कोणाच्या पदरात पडते? एक माप वाइनला एक माप कापड असा दर ठरला तर मापामागे इंग्लंडची २० माणसे वाचतात, पोर्तुगालची १०. दर १.२ कडे सरकला की फायदा पोर्तुगालकडे झुकतो, ०.८९ कडे आला की इंग्लंडकडे. जहाजभाडे आणि जकातही ०.८९ ते १.२ मधल्या याच फटीत बसवावी लागते. नाही बसली तर व्यापारच थांबतो.

खऱ्या इतिहासात ही फट एकट्या श्रमाने ठरली नव्हती. इंग्लंड आणि पोर्तुगालमधल्या १७०३ च्या मेथुएन तहाने पोर्तुगालची बाजारपेठ इंग्लिश लोकरी कापडाला खुली झाली आणि पोर्तुगीज वाइनवरचा कर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी राहिला. त्यातही पोर्तुगालची आयात निर्यातीहून जास्त. फरक बऱ्याच अंशी ब्राझीलच्या सोन्याने भागवला गेला. शिवाय विणकर एका हंगामात द्राक्षमळ्यातला कसबी होत नाही. त्या मधल्या काळातली बेकारी या चार आकड्यांत कुठेच दिसत नाही.

हिशेबाची खरी मेख भांडवलात आहे. ते सहसा देशाबाहेर जात नाही, हे रिकार्डोने गृहीत धरले. ते मोकळेपणी फिरले असते, तर वाइन आणि कापड दोन्ही पोर्तुगालातच करणे फायद्याचे ठरले असते, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे.